आधी कॅबिनेट उघड, मग पाकीट

काका, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. वय २५, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी. २०१८ मध्ये बारावी झाल्यावर मामेभावाच्या मदतीनं घरीच पीसी जोडला होता. पैसे बाबांनी दिले होते. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा). मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ.

तेव्हा जीटीए ५ मस्त चालायचा. आता व्हॅलोरंटमध्येही मधूनच फ्रेम अडकतात आणि मॅच लोड होईपर्यंत बाकीचे खेळायलाही लागलेले असतात. सायबरपंक २०७७ खेळायची फार इच्छा आहे, पण तो धड सुरूच होत नाही. वरून विंडोज १० चा सपोर्ट संपल्याचे मेसेज येऊन राहिले आहेत.

बर्डीच्या बाजारात चौकशी केली. एक दुकानदार म्हणतो, हा डबा ३,००० ला मला दे आणि ७२,००० चा नवा सेट घेऊन जा. ऑफिसातला मित्र म्हणतो, फक्त ग्राफिक्स कार्ड टाक. बाबा म्हणतात, चालून राहिला आहे ना, मग कशाला? माझ्याकडे २५,००० आहेत आणि दर महिन्याला ३,५०० बाजूला टाकू शकतो. मला मिळालेले भाव असे: रायझन ५ ५६०० प्रोसेसरला ९,५००, चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस ४,२००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) ५,०००, ८ जीबी डीडीआर४ रॅम ५,५०० आणि आरएक्स ६६०० कार्ड २१,०००. आधी काय घेऊ?

(कॅबिनेटला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात, पण ते पहिल्यापासूनच आहे.)

– एक वाचक, मानेवाडा


प्रिय पुतण्या,

काका म्हणालास, तेव्हा मी तुला पुतण्या म्हणतो आणि एकेरीत लिहितो.

सुरुवात तुझ्या कंसातल्या वाक्यापासून करू या. प्रोसेसर, कार्ड, रॅम हे सगळं तू ठळक लिहिलंस आणि झिणझिण्या जाता जाता शेवटी. मला विचारशील तर पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथं गोंगाट गाळायला दोन बारके कपॅसिटर असतात. ते दोन्ही तारांवरून थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात आणि तो तिसऱ्या पिनमधून, म्हणजे अर्थिंगमधून, जमिनीत जायला हवा. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहतो. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरोखरच एखादी तार पत्र्याला लागली, तर त्या करंटला जायला वाट नाही. तुझा हात हीच वाट. शिवाय अशा पीसीला चालू असताना एचडीएमआयची वायर लावली किंवा काढली की मॉनिटरचा नाही तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो.

म्हणून पहिला खर्च इलेक्ट्रिशियनचा. त्याला सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांग. दिवा पूर्ण पेटायला हवा, नुसता लुकलुकला तर उपयोग नाही. पुष्कळदा घरात अर्थिंग ठीक असतं आणि दोष दोन पिनांच्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात असतो. तसं निघालं तर तू थोडक्यात सुटलास. पण २१,००० चं कार्ड अर्थिंग नसलेल्या बोर्डावर लावणार असशील, तर पुढचं पत्र वाचायची तसदी घेऊ नकोस.

आता एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, कॅबिनेट उघड.

आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत किती उन्हाळे त्या डब्यानं काढले ते मोज. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तो दिवस तुझ्या पीसीच्या जन्माआधीचा, पण ४५ अंशांचे दिवस त्यानं दर वर्षी पाहिलेच असणार. प्रोसेसरचा पंखा खोलीतली हवाच आत ओढतो. खोली ३८ अंशांवर असेल तर तिथूनच पुढे चढायचं असतं. त्यात प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, धुळीची गोधडी पांघरलेला, आणि दोघांमधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते, आणि तुला वाटतं प्रोसेसर म्हातारा झाला.

इथं एक नागपुरी भानगड आहे. आपल्याकडे कूलर म्हटलं की डोळ्यांसमोर प्रोसेसरवरचा पंखा येत नाही, खिडकीतला पत्र्याचा डबा आणि वाळ्याची ताटी येते. माझ्या ओळखीच्या एका पोरानं 'पीसी थंड राहावा' म्हणून तो डबा थेट कॅबिनेटकडे तोंड करून लावला होता. ताटीवर साचतो तो पांढरा थर बघितलास ना? पाण्यातले तेच क्षार उडणाऱ्या तुषारांबरोबर मदरबोर्डवर जातात, आणि ओलसर धूळ अशी चिकटते की ब्लोअरनं हलत नाही. चालू पीसी आसपासच्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे त्यावर दव पडणार नाही. भीती तुषारांची आहे. कूलर खोलीला लाव. पीसी त्याच्या झोतातून बाजूला, जमिनीपासून वीतभर उंच.

साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव. ब्लोअरनं भन्नाट फिरवलेला पंखा बघायला मजा येते, पण त्याचं बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नकोस, स्थिर विजेचा धोका असतो. मग पेस्ट बदल. आणि आता जे सांगतो ते नीट वाच, कारण हे मी स्वतः भोगलं आहे.

तुझा प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो त्या सॉकेटचं नाव एएम४. यात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि खटका लावलेला असला तरी पकड तशी हलकीच असते. जुनी पेस्ट डिंकासारखी घट्ट झालेली असते. मी पहिल्यांदा असा हीटसिंक सरळ वर ओढला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटातून उपटून आला आणि टेबलावर आपटला. चार पिना वाकल्या. बटणवाल्या पेन्सिलीचं शिसं काढून, त्या रिकाम्या टोकानं, भिंग लावून, दोन तास एकेक पिन सरळ करत बसलो होतो. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. तू असं कर: आधी पंधरा-वीस मिनिटं एखादा गेम चालव म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग पीसी बंद करून वायर काढ, स्क्रू सोडव आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळ. तो सैल झाल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचल.

एवढं केल्यावर पुढचे चार दिवस एक रुपयाही खर्च करायचा नाही, फक्त मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर असेल तर अडसर कार्डाचा. कार्ड ६० टक्क्यांवर आळसावलेलं आणि तरी फ्रेम कमी, तर अडसर दुसरीकडे. मग रिझोल्यूशन ७२०पी वर आण: फ्रेम वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर दमतोय. इथं टास्क मॅनेजरचा एकूण आकडा फसवतो. सहा कोअरपैकी एकच ऊर फुटेस्तोवर धावत असेल तरी तो ३०-४० टक्के दाखवतो. रॅम ७.५ जीबीच्या वर आणि डिस्क १०० टक्के दिसली, तर उत्तर मिळालंच. तापमानही बघ, पण एखादा आकडा वेड्यासारखा दिसला तर घाबरू नकोस. २०२४ च्या मे महिन्यात आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आणि मग हवामान खात्यानं यंत्र बिघडल्याचं सांगितलं. सेन्सर काय काय बोलू शकतो हे नागपूरकराला वेगळं शिकवायला नको.

तुझ्या लक्षणांवरून माझा अंदाज आत्ताच सांगतो. व्हॅलोरंट अडकण्यात कार्डाचा दोष कमी आहे. विंडोज, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि गेम मिळून ८ जीबी भरून जाते आणि उरलेलं हार्ड डिस्कवर सांडतं. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबानं एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ७२०० आरपीएमच्या डिस्कची चकती एक फेरा घ्यायलाच ८.३ मिलिसेकंद घेते, आणि त्याआधी डोकं योग्य जागी सरकायला वेळ जातो तो वेगळा. म्हणजे डिस्ककडून एक लहानसा तुकडा आणायला गेलं की फ्रेम गेलीच. तिथं नवं कार्ड घालून काय होणार? तुझ्या मित्राचा सल्ला ऐकला असतास तर २१,००० खर्चूनही व्हॅलोरंट अडकलाच असता, आणि मित्राशी बोलणं बंद झालं असतं ते वेगळं.

सायबरपंकची गोष्ट मात्र निराळी. त्याची किमान अट वाचलीस? प्रोसेसर रायझन ५ १६००, म्हणजे अगदी तुझाच, उंबरठ्यावर उभा. रॅम १२ जीबी. एसएसडी सक्तीची. कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी. चारपैकी तीन ठिकाणी तू नापास, आणि ज्याला तू म्हातारा समजतोस तो प्रोसेसरच काय तो पास. म्हणून म्हणतो, तुझ्या यादीत प्रोसेसर सगळ्यात शेवटी.

आता खरेदी.

पहिला एसएमपीएस. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर टेकलेलं आहे. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या डब्यावर ४५० लिहिलेलं असतं, पण बाजूचं स्टिकर वाच. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत? कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच ओळीवर जेवतात. माझ्या हातातून गेलेल्या अशा एका डब्यावर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६, १९२ वॉट. बाकीचे अडीचशे नुसते छापलेले! तुझं १०५० टीआय आजवर तगलं, कारण ते जेमतेम ७५ वॉट खातं आणि तेही मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं. त्याला वेगळी वायर लागत नाही. आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचं कार्ड आहे आणि त्याला ८ पिनांची वायर लागते. तुझ्या डब्यात ती बहुधा नसेलच. दुकानदार म्हणेल, 'कन्व्हर्टर देतो ना.' जुन्या मोलेक्स जोडावरून ८ पिन बनवणारा तो कन्व्हर्टर घेऊ नकोस. अशा जोडांचं प्लॅस्टिक वितळलेलं मी पाहिलं आहे.

५५० वॉट तुला भरपूर होतील. कार्डाचे १३२, पुढेमागे ५६०० टाकलास तर त्याचे ८०-९० आणि बाकी सगळ्याचे पन्नासेक धर. तीनशेच्याही आत. ७५० घ्या, ८५० घ्या असं कोणी म्हणालं तर हसून पुढच्या दुकानात जा. ८० प्लस ब्रॉन्झ हा कार्यक्षमतेचा शिक्का बघ, पाच वर्षांची वॉरंटी बघ आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घे. घरी जुना ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटपर्यंतच झेपतो, आणि त्याच्या चौकोनी लाटेवर काही नवे एसएमपीएस कुरकुरतात. वीज जाताच पीसी रीस्टार्ट होऊ लागला तर आधी यूपीएसवर संशय घे.

जुन्या एसएमपीएसचं काय करायचं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दी ओरडते ना, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत', त्यात त्यालाही पाठव. ही थट्टा झाली, ई-कचऱ्यातच टाक. पण 'अजून चालतो' म्हणून धाकट्या भावाच्या पीसीला मात्र लावू नकोस.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बी३५० च्या बहुतेक बोर्डांवर एम.२ चा स्लॉट असतो, त्यात बसव आणि विंडोज कोरी टाक. त्या स्लॉटमुळे काही बोर्डांवर एखादा साटा पोर्ट बंद होतो, तेव्हा हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर वायर दुसऱ्या पोर्टात लाव. जुनी डिस्क फोटो-सिनेमांसाठी राहू दे, पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत एकदा बघून घे. आठ वर्षांच्या डिस्कवर घरचे लग्नाचे फोटो एकाच प्रतीत ठेवायचे नसतात.

रॅमसाठी ५,५०० सांगितले म्हणून तू चिडला असशील. साहजिक आहे. दुकानदार मात्र इथं लुटत नाहीये. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून जगभरच रॅम भडकली आहे. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्यांचं उत्पादन तिकडे वळलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशियल हा सामान्य ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव उतरतील म्हणून थांबण्यात मला आत्ता तरी अर्थ दिसत नाही. हवं तर वापरलेली स्टिक घे. सेकंडहँड वस्तूंमध्ये रॅम ही सगळ्यात कमी धोक्याची. घरी आणून मेमटेस्ट८६ रात्रभर चालव, एकही चूक निघाली तर परत कर, हे आधीच बोलून घे. शक्यतो तुझ्या स्टिकच्याच वेगाची बघ. पहिल्या पिढीचे रायझन मिसळलेल्या रॅमबाबत जरा सोवळे असतात, आणि दोघींत जी हळू तिच्याच वेगानं दोघी चालतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव. शेजारी शेजारी खोचलेल्या स्टिक दिसल्या की समजायचं, घाईत केलेलं काम. दोन स्टिकनं नुसती जागा वाढत नाही, रस्ताही दुपदरी होतो. रायझनला ते चांगलंच मानवतं.

झाले १४,७००. उरले १०,३००.

इथं मोह होईल. उरलेल्यात ९,५०० चा ५६०० अगदी चपखल बसतो, एकूण २४,२००, आणि बजेटमध्ये सगळं आवरल्याचं समाधान. थांब. तो टाकूनही १०५० टीआय तिथंच राहील आणि सायबरपंक तसाच रडेल. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे. १६०० ला त्याच्यापुरत्या फ्रेम बहुतेक गेममध्ये काढता येतात. पैसे बाजूला ठेव. एप्रिल ते जुलै असे चार महिने ३,५०० टाकलेस की २४,३०० होतील. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, कार्ड घे.

आरएक्स ६६०० ही तुझी निवड चांगली आहे. २०२१ चं कार्ड आहे, पण १०८०पी साठी ८ जीबी मेमरी आणि कमी वीज हा जोडा तुझ्या घराला शोभतो. ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या रस्त्याच्या, आठच लेन वापरतं आणि तुझा बोर्ड जुन्या ३.० पिढीचा, त्यामुळे किंचित मार बसेल, पण डोळ्यांना कळणार नाही. त्याच्याच खालचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल. ते घेऊ नकोस. त्याला चारच लेन आणि ४ जीबी मेमरी, जुन्या बोर्डावर त्याचं फार हसं होतं. इंटेलचं बी५८० हे १२ जीबीचं कार्ड भुरळ घालेल, पण ते नव्या प्रोसेसरसोबत आणि रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असतानाच खुलतं. तुझ्या १६०० सोबत त्याचा संसार जमायचा नाही. आणखी एक: इंडियाना जोन्सचा नवा गेम आणि डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगवालंच (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणारं) कार्ड लागतं. ६६०० ला ते येतं, म्हणून निदान दारातून परत फिरवलं जाणार नाहीस. एनव्हीडियानं तुझ्या १०५० टीआयच्या पिढीचे गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबवले. सुरक्षेचे तेवढे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येतील.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? विकणारा ओळखीचा असेल आणि बिल असेल तर जरूर. त्याच्याच घरी जाऊन अर्धा तास जड गेम चालव, पंख्याचा आवाज ऐक, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का बघ. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर सोबत ने. बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून भलत्याच नावानं विकलेलं कार्ड असेल तर बऱ्याचदा ते सरळ 'फेक' असं लिहून दाखवतं. क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेलं आरएक्स ५८० कोणी मातीमोल भावात देऊ केलं तरी नको म्हण. ते १८५ वॉट खातं, मे महिन्यात खोलीची भट्टी करतं आणि त्याच नावानं २०४८ एसपी नावाचा एक हलका भाऊही फिरतो.

कार्ड आलं की सेटिंगमध्ये फ्रेम ६० वर बांध. मॉनिटर त्याहून जास्त दाखवूच शकत नाही, मग कार्डाला शंभरावर पळवून उष्णता कशाला काढायची? पीसी ३०० वॉट खातो म्हणजे ३०० वॉटचा हीटर खोलीत पेटलेला असतो. रोज तीन तास खेळलास तर महिन्याला २७ युनिट. बाबांना बिलाबद्दल काय सांगायचं ते तुझं तू बघ.

विंडोजचं म्हणशील तर, १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि ११ च्या अधिकृत यादीत रायझनची पहिली पिढी नाही. २००० मालिकेपासून पुढचे आहेत. पण मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केले आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्ज सिंक केल्यास त्याचे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करून टाक. कार्ड घेऊन तुझ्याकडे ३,३०० उरतील, त्यात ऑगस्ट आणि सप्टेंबरचे ७,००० मिळाले की १०,३००. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ५६००. मुदतीच्या अगदी तोंडावर, पण जमतं. ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. बायोसमध्ये आधीच बघून ठेव.

प्रोसेसर बदलण्याआधी, जुना १६०० जागेवर असतानाच, बोर्डाचं बायोस अपडेट करायचं. ५००० मालिका २०२० ची, तुझा बोर्ड त्याच्या आधीचा. ३०० मालिकेच्या बोर्डांना या प्रोसेसरसाठीचे बायोस २०२२ पासून मिळू लागले. कंपनीच्या साइटवर बोर्डाचं पूर्ण मॉडेल टाकून ५६०० यादीत आहे ना ते बघ. काही बोर्डांवर मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ती सूचना पानावरच असते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट कर, आणि हे काम वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी करू नकोस. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड दगड होतो. शेजाऱ्याकडे इन्व्हर्टर असेल तर डबा उचलून तिकडे ने.

आता बर्डीवरचा दुकानदार. तो तुझा वैरी नाही; ७२,००० चा सेट विकणं हा त्याचा धंदा आहे. पण त्याचा सेट एएम५ या नव्या सॉकेटचा असणार, म्हणजे नवा बोर्ड आणि नवी डीडीआर५ रॅम, तीही रॅम भडकलेली असताना. तुझ्या जुन्या सॉकेटची खरी किंमत हीच की २०१७ चा बोर्ड २०२२ चा प्रोसेसर घेतो आणि जुनी रॅम तशीच चालते. त्या ३,००० ला डबा देऊ नकोस. तुझ्याच भावांनी बेरीज कर: सगळं मिळून ४५,२००, तेही सहा महिन्यांत विभागून, कर्ज न काढता.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट, मॉनिटर, सगळं चालून राहिलं आहे. त्यांना म्हणावं, त्यातलं काहीच फेकत नाही आहोत, एक एसएमपीएस सोडून. आणि इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा त्यांनाही सोबत उभं कर. झिणझिण्यांचं कळलं की कदाचित तो एसएमपीएस तेच घेऊन देतील.

१०५० टीआय मात्र विकू नकोस. १६०० मध्ये काय आणि ५६०० मध्ये काय, आत ग्राफिक्स नाहीच. उद्या नवं कार्ड वॉरंटीत दुरुस्तीला गेलं तर तेवढे आठवडे पडदा काळाच राहील. जुन्या खोक्यात, बिलासकट, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव. खोका टाकून दिला असशील तर वर्तमानपत्रात गुंडाळ.